सरांचा आभारी आहे, असं पोरीच्या फायलीत कसं काय?

जानेवारी लागला की या सदराकडं येणाऱ्या पत्रांत प्रकल्पच प्रकल्प. यावेळी एकामागोमाग एक उघडली तर सगळी दोनच पानांवर अडलेली, पहिलं आणि शेवटचं, म्हणजे ऋणनिर्देश आणि निष्कर्ष. मधली वीस पानं कशी भरायची हे कुणी विचारत नाही, ती भरतातच, चित्रं चिकटवून, कात्रणं लावून, दादाची जुनी फाईल समोर ठेवून. ही दोन अडतात कारण ती दुसऱ्याची चालत नाहीत. बघू एकेक.

बाई, मी बारावी सायन्सला आहे, पर्यावरणाचा प्रकल्प रंकाळा तलावावर केलाय. ऋणनिर्देश नेटवरनं घेतलेला, तर मॅडमनी फाईल परत दिली आणि म्हणाल्या हा तुझा नाही. त्यांना कसं कळलं असेल? आणि आता नवीन लिहू तरी काय, आभारात वेगळं असतंय काय?
– एक विद्यार्थिनी, फुलेवाडी

कसं कळलं ते मी तुझी फाईल न बघता सांगते. तू लिहिलं असणार 'मी माझ्या मार्गदर्शक शिक्षकांचा मनःपूर्वक आभारी आहे'. अगं, तू 'चा' कशी? मराठीत हा चा-ची ज्याचे आभार मानतो त्याच्यावर ठरत नाही, मानणाऱ्यावर ठरतो. मुलगा असेल तर सरांचा आभारी आणि मॅडमचाही आभारी, मुलगी असेल तर सरांची आभारी, मॅडमची आभारी, आणि गटाचा प्रकल्प असेल तर सरांचे आभारी आहोत, नुसत्या मुलींचा गट असेल तर सरांच्या आभारी आहोत. कुण्या पोरानं कधीतरी लिहिलेला मजकूर दहा वर्षं फिरतोय आणि शेकडो पोरी त्यात 'आभारी आहे' च्या आधी 'चा' ठेवून फाईल जमा करतात, बाईंना पहिल्या ओळीतच कळतं.

यात आपल्या कोल्हापूरची आणखी एक गंमत आहे. आपल्याकडच्या बायका-पोरी सरळ 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून चक्कर येते. मी पण घरात अजून तसंच बोलतो, लाज कसली त्यात. पण फायलीत 'मी रंकाळ्यावर गेले' लिहावं लागतं. गटाचा प्रकल्प असेल तर 'आम्ही गेलो', ते दोघांनाही चालतं, सुटलात.

दुसरी खूण म्हणजे प्राचार्य. शाळेत मुख्याध्यापक असतात आणि ज्युनिअर कॉलेजला प्राचार्य, पण नववीच्या पोराच्या फायलीत प्राचार्यांचे आभार असतात कारण मूळ मजकूर कॉलेजवाल्याचा. तिसरी खूण, ग्रंथपालांचे आभार आहेत आणि मागं संदर्भात एक पण पुस्तक नाही. मग ग्रंथपालांनी दिलं काय, पाणी?

आता लिहायचं काय. एक रफ कागद घे, डाव्या बाजूला माणसाचं नाव आणि उजव्या बाजूला त्यानं मला नेमकं काय दिलं ते. उजवी बाजू रिकामी राहिली की ते नाव खोड. 'अमूल्य मार्गदर्शन' हे उजव्या बाजूला चालत नाही, मार्गदर्शन म्हणजे काय केलं ते लिही. रंकाळ्याचं काम तू केलंयस तर माणसं भेटलीच असतील ना. समजा असं:

'या प्रकल्पाची माझी पहिली प्रश्नावली तीस प्रश्नांची होती, लोक उभं राहून तेवढी उत्तरं देणार नाहीत हे आमच्या पर्यावरण विषयाच्या मॅडमनी दाखवून दिलं आणि ती बारा प्रश्नांवर आणली. पाण्याचा पीएच तपासायला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांनी दोन दिवस कॉलेज सुटल्यावर थांबून मदत केली. संध्यामठाच्या बाजूला रोज फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी केंदाळ आधी कुठल्या कडेला दिसायला लागतं ते चालत चालत दाखवलं. नमुन्याच्या बाटल्या आईनं उकळून दिल्या. या सगळ्यांची मी आभारी आहे.'

बघ, 'बहुमोल' नाही, 'मोलाचे सहकार्य' नाही, आणि हे दुसऱ्या कुणाच्या फायलीला लावताच येणार नाही. आजोबांचं नाव माहीत नसेल तर नसू दे, पण जे माहीत आहे ते ठेव. क्रम साधारण असा असतो की आधी मार्गदर्शक शिक्षक, मग प्राचार्य (त्यांनी परवानगीचं पत्र दिलं असेल तर तसं लिही), मग बाहेरची माणसं आणि कार्यालयं, मग मित्रमैत्रिणी, आणि घरचे शेवटी. घरच्यांना शेवटी ठेवण्यात काही कमीपणा नाही, पंगतीत घरची माणसं शेवटीच बसतात. अर्धं पान पुरे. खाली नाव, वर्ग, ठिकाण, तारीख. आणि अंबाबाईला नमस्कार मनात कर, फायलीत नको, तिनं प्रश्नावली भरलेली नाही.

जाता जाता एक सांगते, कृतज्ञ आणि कृतघ्न हे दोन शब्द डोळे उघडे ठेवून लिही. कृतज्ञ म्हणजे उपकार जाणणारा, कृतघ्न म्हणजे उपकार विसरणारा. माझ्या एम.एड.च्या लघुप्रबंधात टायपिंगवाल्यानं 'मी सर्वांची कृतघ्न आहे' असं छापलं, मी वाचलं नाही, पाच प्रती बाइंड होऊन आल्या आणि तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलं वाक्य तेच मोठ्यानं वाचलं. दोष टायपिंगवाल्याचा निम्मा, माझा निम्मा. शंका असेल तर 'ऋणी आहे' लिही, त्यात घोळ होत नाही, फक्त ऋ ऐवजी रु काढू नकोस.

ऋणनिर्देश अनुक्रमणिकेच्या आधी का नंतर?
– कागलहून एक पालक

शाळेनं क्रम दिला असेल तर तोच. दिला नसेल तर मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका आणि मग प्रस्तावना. पानांचे आकडे प्रस्तावनेपासून टाकले तरी चालतंय.

मी नववीत आहे, आमच्या गावातल्या गुऱ्हाळावर प्रकल्प केला. निष्कर्षात मी लिहिलं की गूळ आरोग्यास चांगला असतो व आपण सर्वांनी गूळ खाल्ला पाहिजे, तर सरांनी लाल पेननं 'हे कुठून आलं?' असं लिहिलं. मग निष्कर्ष म्हणजे काय? आणि समारोप वेगळा असतो का?
– करवीर तालुक्यातून

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग, एवढा चांगला शेरा फार कमी जण मारतात. बाळा, तू गुऱ्हाळावर गेलास, काहिलीजवळ म्हणजे त्या मोठ्या कढईजवळ उभा राहिलास, चटके खाल्लेस, तिथं तू कुणाची तब्येत तपासलीस का? नाही ना. मग आरोग्य कुठनं आलं, ते व्हॉट्सॲपवरनं आलं. निष्कर्षात फक्त तेच येतं जे तुझ्याच फायलीच्या मागच्या पानांवर दिसतंय.

तीन शब्दांत पोरं गोंधळतात, निरीक्षण, विश्लेषण आणि निष्कर्ष, तर ते गुऱ्हाळावरच समजून घे. चरकातनं रस निघाला, काहिलीत गेला, खाली चिपाडांचं जळण, उकळी आली तशी भेंडीचा रस घातला आणि मळी वर आली ती झाऱ्यानं काढली, गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरानं, पाक थोडा पाण्यात टाकून बोटांनी गोळी होतीय का बघितलं आणि मग काहील वाफ्यात ओतली, हे सगळं तू बघितलंस, घड्याळ लावून लिहिलंस, हे झालं निरीक्षण. तू एकच आदण (काहिलीत एका वेळी उकळायला घेतलेला रस) बघितलं का चार? चार बघितली असतील तर त्यांचा तक्ता कर, रस किती, वेळ किती, गूळ किती निघाला, आणि कुठल्या आदणाला वेळ जास्त लागला आणि का, ओल्या चिपाडामुळं का आणखी कशामुळं, हे शोधणं म्हणजे विश्लेषण. आणि त्यातनं जे एक वाक्य खाली उरतं तो निष्कर्ष.

म्हणजे कसं, 'पाहिलेल्या चार आदणांपैकी ज्या दोन आदणांना जळण ओलं होतं त्यांना जास्त वेळ लागला'. किंवा 'गुळव्याचा पाण्यातल्या गोळीचा अंदाज आणि थर्मामीटरवरचे ११८ अंश सेल्सिअस हे चारही वेळा जवळजवळ एकाच वेळी आले', गूळ उतरवायचं तापमान साधारण तेवढंच असतंय, तू मोजलं असशील तर हा फार झकास निष्कर्ष आहे कारण म्हाताऱ्या माणसाचं बोट आणि काचेची नळी एकच बोलतायत असं तू दाखवलंस. तसंच उताऱ्याचं. टनभर उसाला साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ पडतो असं धरतात, तुझा आकडा त्यात बसतोय का नाही ते लिही, आणि बसत नसेल तर ऊस कुठला होता, तोडून किती दिवस झालेले, हे गुळव्याला विचारून लिही.

आता सोपी युक्ती सांगते, ही मी तीस वर्षं पोरांना सांगितली. उद्दिष्टांचं पान फायलीतनं काढून शेजारी ठेव. पहिलं उद्दिष्ट काय लिहिलंयस, 'गूळ तयार करण्याची प्रक्रिया समजून घेणे', मग पहिल्या निष्कर्षात त्याचं उत्तर. दुसरं उद्दिष्ट, दुसरं उत्तर. उद्दिष्टं चार आणि निष्कर्ष नऊ असतील तर पाच कुठनं तरी उडून आलेत. उद्दिष्टं चार आणि निष्कर्ष दोनच असतील तर दोन कामं राहिलीत, परत गुऱ्हाळावर जा, नाहीतर ते उद्दिष्टच काढून टाक, बरेच जण तेच करतात आणि मला त्यात फार वाईट दिसत नाही.

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय ही माहिती चांगलीच आहे पण ती प्रस्तावनेत टाक, कारण ती तू शोधलेली नाहीस, ती आधीपासूनच होती. 'गूळ खाल्ला पाहिजे' ही झाली सूचना, तिला वेगळं डोकं दे, सूचना किंवा उपाययोजना म्हणून, आणि तिथं पण गुऱ्हाळाशी संबंधित काहीतरी लिही, जळण झाकायला शेड पाहिजे असं काही. समारोप म्हणजे प्रकल्पाचा निरोप, चार-पाच वाक्यं, काय केलं, काय राहिलं, वेळ मिळाला असता तर पुढं काय बघितलं असतं. शाळेनं दोन्ही मागितलं असेल तर दोन्हीत तेच तेच लिहू नकोस, एकच मागितलं असेल तर निष्कर्ष दे.

आम्ही अकरावीतले चौघं, जुलैत महिनाभर रोज पेपरातनं दोन आकडे लिहून घेतले, कोल्हापूर शहरातला पाऊस आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. गृहीतक होतं की शहरात पाऊस वाढला की पातळी वाढणार. पण काही दिवस हिथं कडक ऊन आणि पंचगंगा चढतीया, आणि एकदा धो धो पाऊस तर पातळी उतरतीया. सगळं फसलं. एक मित्र म्हणतोय चार दिवसांचे आकडे बदलूया, कोण बघतंय. काय करू?
– कसबा बावडा

मित्राला चहा पाजा आणि आकड्यांपासून लांब ठेवा. पेपर सगळ्यांच्या घरात येतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर तोंडपाठ म्हणतंय, ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे दुसरीतलं पोर सांगेल, आणि तुम्ही त्यात बदल करणार? तपासणाऱ्या सरांचं घर नदीकडेला असलं म्हणजे कळेल.

खरं तर तुमच्या हाताला फसलेला नाही, मिळालेला निष्कर्ष लागलाय. पंचगंगा तयार होते कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्यानं (पाचवी सरस्वती, ती गुप्त मानतात, तिची पातळी पेपरात येत नाही) आणि या सगळ्या येतात पश्चिमेकडनं, घाटाच्या बाजूनं. प्रयाग चिखलीच्या संगमावरनं खाली येऊन ते पाणी बंधाऱ्यावर दिसतंय. म्हणजे बावड्यात ऊन असलं तरी गगनबावडा आणि राधानगरीकडं कोसळत असेल तर पातळी चढणारच, त्यात भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडतात, ते पाणी पण वाटेत असतंय. तुम्ही पाऊस मोजला तो ताटातला आणि नदीला लागतो तो सगळ्या स्वयंपाकघरातला.

गृहीतक चुकलं तर तसंच लिहायचं, लाजायचं नाही. असं काहीतरी: 'शहरातील पाऊस वाढला की पातळी वाढते हे आमचं गृहीतक मिळालेल्या नोंदींवरून सिद्ध झालं नाही. एकूण इतक्या दिवसांपैकी इतक्या दिवशी शहरात पाऊस नसताना पातळी वाढली.' तो 'इतक्या' चा आकडा मोजून टाका, तो तुमच्याच वहीत आहे. मग लगेच मर्यादा लिहा, की आम्ही फक्त शहराचा पाऊस घेतला, पाणलोटातला घेतला नाही, धरणाचा विसर्ग घेतला नाही. आणि पुढच्या अभ्यासासाठी एक ओळ, गगनबावड्याचा पाऊस आणि एक-दोन दिवसांनंतरची बंधाऱ्याची पातळी ताडून बघता येईल. वेळ असेल तर जुने पेपर वाचनालयात मिळतात, करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनं उभं आहे, तिथं जाऊन विचारा, मिळालं तर आत्ताच ताडून बघा, आणि मग ऋणनिर्देशात ग्रंथपालांचं नाव हक्कानं लावा.

एकच शब्द जपून, 'सिद्ध झालं'. तीस दिवसांच्या दोन रकान्यांवरून काही सिद्ध होत नाही, 'दिसून आलं' लिहा. सिद्ध झालं नाही, असं मात्र लिहिता येतं, मराठी अशी सोयीची आहे.

मुलगा सातवीत आहे, गल्लीतल्या कचऱ्यावर प्रकल्प दिलाय. खरं सांगते, निम्मा मीच केलाय. निष्कर्ष मोबाईलवर एआयकडनं लिहून घेतला, भाषा लई भारी आलीय, तेच लावू का?
– एक आई, राजारामपुरी

ताई, भाषा लई भारी आली हीच तर अडचण आहे. 'सदर प्रकल्पाच्या माध्यमातून असे निदर्शनास येते की कचरा व्यवस्थापन ही काळाची गरज आहे' असलं काहीतरी आलं असणार, सातवीतलं पोर काळाची गरज म्हणतंय का कधी? बाईंनी त्याला वर्गात उभं करून 'निदर्शनास म्हणजे काय रे' एवढंच विचारलं की झालं.

संध्याकाळी भाकरी थापताना त्याला शेजारी बसवा आणि विचारा, काय कळलं तुला? तो म्हणंल, 'आई, आपल्या घराच्या बादलीत सगळ्यात जास्त भाजीचीच सालं असतात आणि पलीकडच्या काकूंच्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त'. हात पिठाचे असतील तर त्यालाच लिहायला सांगा, आहे तसं. फक्त 'काकू' च्या जागी 'घर क्रमांक दोन' करा, नाहीतर गल्लीत भांडण. असली चार वाक्यं झाली की निष्कर्ष झाला. शुद्धलेखन तुम्ही तपासा, तो आईचा हक्क.

आणि तुम्ही केलेला निम्मा प्रकल्प लपवू नका, ऋणनिर्देशात त्यानं लिहू दे, 'मुखपृष्ठ आणि तक्त्याच्या रेघा आईनं आखून दिल्या'. बाईंना माहीतच असतंय, आम्ही पण आयाच आहोत.

झेरॉक्सवाल्याचे आभार मानायचे का?
– एक चौकस वाचक, शाहूपुरी

पैसे दिलेत ना, मग नाही. पण रात्री दहाला शटर अर्धं वर करून त्यानं तुमची फाईल काढून दिली असेल तर माना, आणि शटरचं पण लिहा.

बाई, माझा दहावीचा प्रकल्प कोल्हापुरी चप्पलवर आहे. सगळी माहिती माझ्या आज्जांनी दिली, त्यांनी चाळीस वर्षं पायताणं केली. माझ्या वहीत त्यांनी माझ्या पायाचं माप पेन्सिलनं काढून कुठं काय येतं ते दाखवलेलं. दिवाळीनंतर आज्जा गेले. फाईल या महिन्यात द्यायचीय. 'आज्जांचा आभारी आहे' लिहिलं की कसंतरी होतंय. आणि मित्र म्हणतात घरच्यांना माहिती देणारा म्हणून दाखवलं की मार्क जातात.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

मार्कांचं आधी. मित्र चुकतायत. चाळीस वर्षं काम केलेला कारागीर हा माहितीचा स्रोत आहे, तो तुझा आज्जा लागतो म्हणून कमी होत नाही. त्यांना दोन जागी लिही. मागं संदर्भात पुस्तकांच्या खाली 'मुलाखत' असं लिहून त्यांचं पूर्ण नाव, चप्पल कारागीर, गाव आणि कुठल्या महिन्यात बोललास ते. आणि पुढं ऋणनिर्देशात.

ऋणनिर्देशात 'आभारी' खटकतंय ते बरोबर खटकतंय, आभार समोरच्याला मानतात. 'ऋणी' लिही. नावाच्या आधी 'कै.' लाव किंवा 'दिवंगत', आणि क्रियापद भूतकाळात ठेव, सांगितलं, दाखवलं, करून घेतलं. शिक्षकांचे आभार आधी येऊ देत, आज्जांसाठी शेवटी वेगळा परिच्छेद कर, दोन ओळींचा असला तरी चालेल. 'त्यांच्या पवित्र स्मृतीस' वगैरे लिहू नकोस, श्रद्धांजलीच्या जाहिरातीसारखं होतंय ते. त्यांनी काय शिकवलं ते एक लिही, म्हणजे कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा का वापरतात ते सांगितलं असेल तर ते, किंवा कापशी आणि कानवली हे चपलेचे प्रकार हातात घेऊन ओळखायला शिकवलं असेल तर ते.

मजकुरात पण पुस्तकातलं आणि आज्जांचं वेगळं दिसू दे. २०१९ साली कोल्हापुरी चप्पलला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, हे बाहेरून घेतलेलं. टाका कसा ओढायचा, चप्पल करकर कशानं वाजती, हे आज्जांचं, तिथं 'आज्जांनी सांगितलं' असं लिही आणि त्यांनी वापरलेला शब्द आहे तसा ठेव, शाळेच्या भाषेत शुद्ध करू नकोस, पाहिजे तर पुढं त्याचा अर्थ दे. निष्कर्षात पण तसंच, वाचलेलं आणि त्यांनी सांगितलेलं कुठं जुळलं आणि कुठं नाही जुळलं, ते.

आणि वहीतलं ते मापाचं पान फायलीला लावू नकोस. त्याची झेरॉक्स लाव, पेन्सिल फिकी असेल तर थोडी गडद काढून माग. फायली शाळेत जमा होतात, परत मिळतीलच असं नाही.